एआयला विचारा, पण कागद स्वतः वाचा

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले. तेव्हापासून विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे अभ्यासाचे वळणच बदलून गेले आहे. असाइनमेंट, सेमिनार, सिनॉप्सिस, प्रबंध, कशालाही हात घातला की पहिला प्रश्न एआयला जातो. वापरावे की वापरू नये, हा वाद आता मागे पडला. कशासाठी वापरावे, कुठे थांबावे आणि वापरल्याचे कसे सांगावे, हे शिकणे आता गरजेचे आहे. नुसते नियम सांगून ते अंगवळणी पडत नाहीत, म्हणून इथे एक खरा विषय समोर ठेवतो : तंजावरच्या मराठी वारशाचा अभ्यास.

हा विषय निवडण्याचे कारण आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी कावेरीच्या खोऱ्यात राज्य स्थापन केले आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे वारसाविना निधन पावेपर्यंत ते भोसल्यांच्या घरात राहिले. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ आणि तेलुगू पोथ्यांबरोबर तीन हजारांच्या वर मराठी हस्तलिखिते आहेत, शिवाय मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. शहरात तमिळ विद्यापीठ आहे. मराठी किंवा इतिहास घेऊन एम.ए., पीएच.डी. करणाऱ्याला जन्मभर पुरेल एवढे काम इथे पडून आहे. आणि नेमक्या याच विषयात एआयच्या जवळजवळ सगळ्या उणिवा उघड्या पडतात.

एआय इथे का चुकते

एआय सहायक हा ग्रंथपाल नव्हे, इतिहासकारही नव्हे. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे तो शिकलेला असतो. ज्या विषयावर इंटरनेटवर भरपूर लिहिलेले आहे, तिथे त्याचे उत्तर बहुधा बरोबर येते. जिथे मजकूर थोडा, तिथे तो शेजारच्या मजकुरातून जागा भरतो आणि तेही त्याच ठाम सुरात. त्याच्या सुरावरून खरे-खोटे ओळखता येत नाही, ही पहिली गोष्ट मनात पक्की करा.

तंजावरच्या राजांची नावे पाहा. शहाजीराजे भोसले, म्हणजे शिवरायांचे वडील, १६६४ मध्ये वारले. तंजावरचे शहाजीराजे हे त्यांचे नातू, एकोजींचे पुत्र. त्यांची कारकीर्द १६८४ ते १७१२. सरफोजी दोन : पहिले १७१२ ते १७२८, दुसरे १७९८ ते १८३२. तुळजाराजेही दोन. आणि तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी १८३२ ते १८५५ या काळातले. छत्रपती शिवाजी महाराजांवर जगभर जितके लिहिले गेले आहे, त्याच्या पासंगालाही तंजावरच्या शिवाजीराजांवरचा मजकूर पुरत नाही. त्यामुळे नुसते ‘शिवाजीराजांच्या तंजावरातील ग्रंथसंग्रहाबद्दल सांग’ असे विचारले, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या नावावर चढण्याचा धोका मोठा.

यावर उपाय साधा आहे. प्रश्नातच नाव, नाते आणि कारकिर्दीची साले घाला : ‘तुळजाराजे दुसरे यांचे दत्तक पुत्र सरफोजी दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२’. उत्तर आले की त्यातली प्रत्येक घटना त्या सालांच्या चौकटीत बसते का, ते पाहा. १७२० मधली गोष्ट दुसऱ्या सरफोजींच्या नावावर दिसली, तर ते उत्तर बाजूला ठेवा.

दुसरी अडचण मतभेदांची. एकोजींनी तंजावर कोणत्या साली घेतले? अभ्यासकांच्या ग्रंथांत १६७४, १६७५ आणि १६७६ अशी वेगवेगळी साले सापडतात. एआय बहुतेक वेळा त्यातले एक उचलून देते आणि वाद आहे हे सांगायचे राहून जाते. म्हणून प्रश्न असा विचारावा : ‘या सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत का? असल्यास प्रत्येक मतामागचा पुरावा कोणता?’ मग त्या पुराव्यापर्यंत स्वतः जावे.

तिसरी अडचण प्रश्नाच्या चौकटीची. ‘पहिले मराठी नाटक कोणते?’ असे विचारले की विष्णुदास भाव्यांचे १८४३ चे सांगलीतले ‘सीतास्वयंवर’ हे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, कारण शालेय पुस्तकांपासून सगळीकडे तेच आहे. पण तंजावरच्या शहाजीराजांच्या नावावर असलेले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे मानले जाते. रंगभूमीवरचा सार्वजनिक प्रयोग धरायचा की दरबारासाठी लिहिलेली संहिता, यावर उत्तर बदलते. हा निर्णय अभ्यासकाने घ्यायचा असतो. यंत्राने दिलेली चौकट जशीच्या तशी स्वीकारली, तर तंजावरची सगळी नाटके तुमच्या निबंधातून नकळत गळून पडतील.

कुठे खुशाल वापरावे

एवढे वाचून एआयला दूर सारण्याचे कारण नाही. नीट वापरले तर वेळ वाचतो आणि समजही वाढते.

विषयाची तोंडओळख करून घेण्यासाठी ते चांगले आहे. कुरवंजी हा नाट्यप्रकार काय असतो, इनाम आणि मोकासा यांत फरक काय, अशा प्रश्नांची पहिली उत्तरे घ्यावीत, मग कोशात ती पडताळावीत. तंजावरला गेल्यावर तमिळ पाट्या, सूचना, अर्जाचे नमुने आणि ग्रंथसूचीतल्या नोंदी समजून घ्यायला भाषांतराची साधने उपयोगी पडतात. तमिळ विद्यापीठाने तंजावरच्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. तमिळ न येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला त्यातली आपल्या उपयोगाची पाने कोणती, हे यंत्राच्या भाषांतरावरून हुडकता येते. मात्र त्या अनुवादातले वाक्य प्रबंधात घ्यायचे असेल, तर तमिळ जाणणाऱ्या माणसाकडून ते तपासून घ्या. तंजावरमधल्या मराठी घरांत दोन्ही भाषा बोलणारी माणसे आहेत. आदराने विचारले तर मदत मिळते.

आपल्या टिपणांचा आराखडा लावणे, नोंदींचा तक्ता करणे, इंग्रजी सारांशातले व्याकरण तपासणे, यांसाठीही ते वापरावे. सगळ्यांत चांगला उपयोग व्हायवाच्या तयारीचा. असे सांगून पाहा :

‘मी तंजावरच्या मराठी नाटकांवर सिनॉप्सिस लिहिला आहे, तो खाली देतो. तू परीक्षक हो. एका वेळी एकच प्रश्न विचार. माझे उत्तर सुधारून लिहू नकोस, त्यातली उणीव फक्त दाखव.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. त्यामुळे विचार करण्याचे काम तुमच्याकडेच राहते.

संदर्भ दिसला की आधी शंका घ्या

ग्रंथाचे नाव, लेखक, साल, पृष्ठ, सगळे काही व्यवस्थित, आणि असा ग्रंथच अस्तित्वात नाही! एआयने दिलेल्या संदर्भांत हे वारंवार घडते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात नसलेले निकाल दाखले म्हणून सादर केले. न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. ‘आम्हाला वाटले ते खरे आहेत’ ही सबब चालली नाही. विद्यापीठातही ती चालणार नाही.

म्हणून प्रत्येक संदर्भ तीन पायऱ्यांतून न्या. पहिली, असा ग्रंथ किंवा लेख खरोखर आहे का, हे ग्रंथालयाच्या सूचीत पाहा. प्रबंध असेल तर ‘शोधगंगा’वर शोधा. दुसरी, तो हातात घ्या आणि सांगितलेले पान उघडा. तिसरी, त्या पानावर एआयने सांगितलेलेच म्हटले आहे का, ते वाचा. तिसऱ्या पायरीपर्यंत बरेच जण जात नाहीत. ग्रंथ खरा असतो, लेखक खरा असतो, पण त्याने म्हटलेले भलतेच असते.

सुरुवात पक्क्या ग्रंथांपासून करावी, म्हणजे यंत्राची उत्तरे तोलायला हाती काही राहते. के. आर. सुब्रमण्यन यांचा तंजावरच्या मराठा राजांवरचा १९२८ चा इंग्रजी ग्रंथ, के. एम. वेंकटरामय्या यांचा मराठा राजवटीतल्या कारभारावरचा आणि समाजजीवनावरचा तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला ग्रंथ, दुसऱ्या सरफोजींच्या विज्ञान व वैद्यकाच्या ध्यासावरचा सावित्री प्रीथा नायर यांचा २०१२ चा ग्रंथ, हे तीन आधी पाहा. आधी ग्रंथ आणि मग एआय, हा क्रम ठेवला तर चूक चटकन डोळ्यांत भरते. उलट क्रमात ती दिसतच नाही.

मोडी आणि तारखा : इथे घाई नको

मोडी कागदाचा फोटो काढायचा, एआयला द्यायचा आणि बाळबोधात उतारा मागायचा, हा मोह आता सगळ्यांना होतो. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले २०१४ मध्ये. त्यामुळे यंत्राला शिकायला मोडीतला मजकूर अजून फार थोडा आहे. आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरी लिप्यंतर करणारी प्रणाली आणि तिच्यासाठी दोन हजारांहून अधिक प्रतिमांचा संच पुढे आणला. काम मोलाचे आहे. पण सर्वसाधारण चॅटबॉटने दिलेला उतारा म्हणजे वाचन नव्हे, तो अंदाज आहे, असेच धरून चाला.

मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे लटकवतात, तीही हात न उचलता. शब्दांत जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ अक्षरावरून वेगळे ओळखू येत नाहीत. कोणता शब्द, हे मागचे-पुढचे वाक्य, कागदाचा विषय आणि लेखनिकाचा हात पाहून ठरवायचे असते. न लागलेल्या अक्षरापाशी माणूस थांबतो. यंत्र थांबत नाही, ते सुरळीत वाक्य करून देते. उतारा जितका सफाईदार, तितका संशय जास्त घ्यावा.

रीत अशी ठेवा. आधी स्वतः वाचा. न लागलेली जागा चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घालून सोडा. मग हवे तर एआयचा उतारा समोर ठेवा आणि जिथे फरक पडतो, तेवढ्याच जागी मूळ कागद पुन्हा पाहा. शेवटचा निवाडा मोडी जाणणाऱ्या शिक्षकाचा. मोडीची मुळाक्षरे काही आठवड्यांच्या सरावाने हाताखाली येतात. पुढचे सगळे कागदच शिकवतात.

तारखांचेही तसेच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण वर्षअखेरीच्या महिन्यांत इसवी सन पालटलेला असतो. शके १७२५ चा मार्गशीर्ष १८०३ च्या अखेरीस येतो, पण त्याच शकाचा फाल्गुन १८०४ मध्ये. तिथे ७९ मिळवावे लागतात. शिवाय मराठी कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘अर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे चार, दोनशे आणि हजार : १२०४. त्यात ५९९ मिळवले की १८०३. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. एआयला हा हिशेब विचारायला हरकत नाही, पण ‘प्रत्येक पायरी मांडून दाखव’ असे सांगा आणि ती वहीवर स्वतः करून पाहा. तिथी, वार आणि साल जुळतात का, हे जंत्रीत तपासल्याशिवाय तारीख तळटिपेत जाऊ देऊ नका.

मूळ मराठी ‘शुद्ध’ करू नका

तंजावरच्या मराठीत, हस्तलिखितांतल्या आणि आजही तिथल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या, दक्षिणेत साडेतीनशे वर्षे राहिल्याच्या खुणा आहेत. शब्द, प्रत्यय, वाक्याची ठेवण पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीपेक्षा वेगळी पडते. एआयला उतारा देऊन ‘नीट करून दे’ म्हटले, की ते या खुणा चूक समजून पुसून टाकते. भाषेच्या अभ्यासात तो पुरावा नष्ट केल्यासारखे होते. मूळ पाठ वेगळ्या फाइलमध्ये जपा, तिला हात लावू नका. अर्थ समजून घ्यायला एआयचे रूपांतर वापरले, तर ते ‘रूपांतर’ म्हणूनच बाजूला ठेवा.

दुसऱ्याचे बोलणे तुमच्या मालकीचे नाही

तंजावर-कुंभकोणम भागातल्या मराठी घरांत जाऊन आजी-आजोबांच्या मुलाखती घेणारे विद्यार्थी आहेत. हे काम तातडीचे आहे आणि नाजूकही. मुलाखतीत कुळाची, लग्नांची, मालमत्तेची, आजारपणाची माहिती येते. ती ध्वनिफीत सरळ एखाद्या मोफत एआय साधनात टाकली, तर ती कुठे साठेल आणि कशासाठी वापरली जाईल, यावर तुमचा ताबा राहत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये कायदा झाला आहे आणि त्याच्या गाभ्याशी संमती आहे. कायद्याच्या आधी माणुसकीही तेच सांगते.

मुलाखत सुरू करण्यापूर्वी साध्या शब्दांत विचारा : ‘आजी, तुमचे बोलणे मी लिहून काढायला कॉम्प्युटरच्या एका साधनात घालू का? नको असेल तर मी हाताने लिहीन.’ नाही म्हणाल्या तर हाताने लिहा. हो म्हणाल्या तरी नावे, पत्ते, फोन नंबर काढूनच मजकूर द्या. ग्रंथालयातून मिळालेल्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांनाही हेच लागू. ती ज्या अटींवर दिली आहेत, त्या अटी आधी वाचा. परवानगी अभ्यासापुरती असेल, तर ती दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवणे त्यात बसते का, हे ग्रंथालयालाच विचारा.

वापरले तर सांगा

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधातल्या उचलेगिरीच्या पातळ्या ठरल्या आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचे. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. हे नियम चॅटजीपीटीच्या आधीचे आहेत, त्यामुळे त्यांत एआयचे नाव नाही. म्हणून साम्याचा आकडा कमी आला म्हणजे सगळे ठीक, असे समजू नका. एआयने नव्याने जुळवलेला मजकूर साम्यात सापडणार नाही, तरी तो तुमचा नसतोच. तुमच्या विद्यापीठाचे, विभागाचे आणि गाइडचे धोरण काय, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून लेखी घ्या.

उघडपणे सांगण्याचा नमुना असा असू शकतो :

‘या निबंधाचा आराखडा ठरवताना आणि इंग्रजी सारांशाचे व्याकरण तपासताना मी (साधनाचे नाव, महिना, वर्ष) वापरले. मोडी लिप्यंतर मी स्वतः केले आहे. सर्व संदर्भ मूळ ग्रंथांत पाहून दिले आहेत. उरलेल्या चुकांची जबाबदारी माझी आहे.’

यातले जे खरे असेल तेवढेच लिहा. एआयचे नाव सहलेखक म्हणून मात्र देऊ नका. जबाबदारी घेऊ शकत नाही त्याला लेखक म्हणता येत नाही, हे संशोधन नियतकालिकांनी २०२३ पासून स्पष्ट केले आहे.

याची दुसरी बाजूही आहे. स्वतः लिहिलेल्यावर संशय येऊ शकतो. एआयचा मजकूर ओळखणारी साधने भरवशाची नाहीत. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशांचे खरे लेखनही ही साधने यंत्राचे ठरवतात, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिले. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कच्चे खर्डे, हाताने काढलेली टिपणे, ग्रंथालयाच्या मागणीपत्रांच्या प्रती आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवा. कोणी विचारले तर तेच तुमचे पुरावे.

काय स्वतःकडेच ठेवायचे

तीन कामे यंत्राला देऊ नका : मूळ साधन वाचणे, त्यावरून आपले मत बनवणे आणि पहिला खर्डा लिहिणे. ही तीन कामे करतानाच माणूस अभ्यासक होतो. ती दुसऱ्याने केली तर पदवी मिळेल, पण व्हायवाच्या टेबलावर आणि पुढे वर्गात उभे राहिल्यावर हात रिकामे असतील. खर्डा मोडकातोडका झाला तरी चालेल. तो सुधारायला एआय आहे, गाइड आहेत, मित्र आहेत.

तंजावरच्या गठ्ठ्यांतले कितीतरी कागद अजून कोणी नीट वाचलेले नाहीत. जे वाचलेच गेले नाही, ते कोणत्याही एआयला ठाऊक असणे शक्य नाही. तिथे नवे काही सांगू शकेल तो मोडी येणारा, तारखा पडताळणारा आणि आपले स्रोत प्रामाणिकपणे सांगणारा विद्यार्थीच. या सुट्टीत मोडीची मुळाक्षरे गिरवायला घ्या, ग्रंथालयाला परवानगीचे पत्र लिहा आणि तंजावरला जा.